दोनशे पंचावन्नच्या पुढे

१९८७ साली आमच्या नाशिक रोडच्या नळजोडणी कार्यालयाने विज्ञानयुगात झेप घेतली. झेप मागच्या दिशेने होती, एवढंच.

झालं असं, की कार्यालयातलं आठ बिटांचं जुनं संगणकयंत्र उन्हाळ्यात कायमचं बंद पडलं आणि त्याच्या जागी सोळा बिटांचं नवं आलं. परंतु नळाच्या प्रतीक्षायादीचा प्रोग्राम फक्त जुन्याच यंत्राची भाषा जाणत होता. तो बदलायचा तर समितीची मंजुरी हवी. समितीतले दोन सदस्य निवृत्त झालेले, तिसरे पत्राला उत्तर देत नसत. सबब कार्यालयप्रमुख सावळीराम बोरस्ते यांनी निर्णय घेतला : प्रोग्रामला हात लावायचा नाही, नव्या यंत्रानेच जुन्याचं हुबेहूब सोंग घ्यायचं. यंत्र बदललंय हे प्रोग्रामला कळता कामा नये.

हे सोंग लिहायला मल्हारी गांगुर्डे नावाचा हंगामी प्रोग्रामर नेमला गेला. जुनं यंत्र बेरीज कशी करायचं, हातचा कुठे ठेवायचं, हे त्याने चार महिने बसून नव्याला एकेक करून शिकवलं.

आमच्या शेजारच्या सुलाबाई पगारे यांचं या कामाकडे बारीक लक्ष होतं. नळासाठी अर्ज करणाऱ्यांत त्या दोनशे छप्पन्नाव्या, म्हणजे शेवटच्या. जुन्या यंत्राचा हा प्रोग्राम दोनशे पंचावन्नपर्यंतच मोजायचा. पुढचा आकडा आला की मुकाट्याने शून्यावर जायचा. त्यामुळे सुलाबाईंच्या पावतीवर पाच वर्षं क्रमांक शून्य होता.

“नवं मशीन लय मोजतंय म्हनं,” त्या मल्हारीला म्हणाल्या.

“पासष्ट हजारांपर्यंत, मावशी.”

“मला येवढं नको. दोनशे छप्पन पुरं.”

मल्हारीने सोंगात तेवढी एक सुधारणा गुपचूप केली. यादी छापून आली. तळाशी सुलाबाई, क्रमांक २५६. साहेबांनी ती जुन्या यादीशी ताडून पाहिली आणि चष्मा काढला.

“गांगुर्डे, हे चुकलंय.”

“साहेब, हे बरोबर आहे. जुनं चुकत होतं.”

“म्हणजे जुन्याची नक्कल तुम्हाला जमलेली नाही. तसा शेरा मारू का?”

सुधारणा त्याच दिवशी निघाली.

मग वेगाचा प्रश्न उभा राहिला. जुन्याला यादी काढायला अडीच तास लागत, नव्याने ती अकरा सेकंदांत दिली. एवढी तफावत कागदावर दाखवणं साहेबांना शक्य नव्हतं. म्हणून मल्हारीने यंत्राला मधल्या वेळात पुन्हा पुन्हा पासष्ट हजारांपर्यंत मोजायला बसवलं. ते इमानाने मोजत राही, फक्त सुलाबाईंपाशी आलं की विसरे. जुनं यंत्र उन्हाने दुपारी एक ते तीन बंद पडायचं; नवंही त्याच वेळेला पंख्याखाली बंद पडू लागलं. तेव्हा कुठे साहेबांनी ‘तंतोतंत’ असं प्रमाणपत्र दिलं.

सुलाबाई पावती घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“साहेब, शून्य एकाच्या आधी येतं ना?”

“येतं.”

“मंग पयला नळ माझा.”

“मुद्दा बरोबर आहे, बाई. पण वाटप एकपासून सुरू होतं.”

“मंग माझं काय?”

“तुमचं नाव यादीत आहे. ते आता कुणी काढू शकत नाही.”

पुढे वर्षभरात वाटप पूर्ण झालं. जुन्या यंत्राचा पत्र्याचा रिकामा खोका सुलाबाईंनी भंगारातून आणला. त्यावर त्या हंडा ठेवतात.

आमचा क्रमांक एकशे चौदा. ती यादी आम्ही दोनदा वाचली, आम्हाला तरी तीत काही चूक आढळली नाही. तुमचाही क्रमांक आत असेल तर तुम्हालाही आढळणार नाही.

हंडा त्या आमच्याच नळावर भरतात. आमचं भरून झाल्यावर, पाणी असलं तर.