अजून एक खोकणारा हवा

शिंपीकाकांच्या फुप्फुसात एक जंतू राहत होता. तो क्षयाचा नव्हता, क्षयाच्या भाऊबंदांपैकी होता. प्रयोगशाळेतल्या ताईंनी सहा आठवडे त्याला नळीत वाढवून त्याचं नावही शोधून काढलं होतं. पण ते नाव संगणकातल्या यादीत नव्हतं, आणि यादीत नसलेलं नाव अहवालात छापता येत नसे.

अहवाल नाही, म्हणून डॉक्टरांनी क्षयाच्याच गोळ्या चालू ठेवल्या. त्या गोळ्यांनी जंतू सोडून बाकी सगळ्यांना बेजार केलं. काकांना आता सुईत दोरा ओवतानाही धाप लागे.

"ताई, हातानं लिहून द्या की," काकू म्हणाल्या.

"हातचं चालत नाही हो, काकू. साहेबांना भेटा."

साहेब भला माणूस. त्यांनी काकूंना खुर्ची दिली आणि नियम वाचून दाखवला. "दुर्मीळ जंतूचं नाव यादीत घ्यायला किमान तीन रुग्ण लागतात."

"तीन कुठून आणू?"

"तीच तर अडचण आहे. हा माणसाकडून माणसाला लागत नाही. क्षयासारखा गुणी असता, तर एव्हाना घरातच तिघं झाले असते."

"आणि तोवर यांचं काही बरंवाईट झालं तर?"

साहेबांनी पान उलटलं. "मग पुन्हा तीन लागतील. रुग्ण हयात हवा, असं पोटकलम आहे."

काकूंनी पदर खोचला. रोज दवाखान्याच्या बाकांवर फिरून त्या खोकणाऱ्यांना नमुना द्यायला पाठवू लागल्या. चार महिन्यांनी एक गवंडी सापडला. तोच जंतू! काका गवंड्याला कडकडून भेटले आणि दोघंही धापा टाकत खाली बसले.

"आता एकच राहिला," काकू बाकांकडे वळून म्हणाल्या. "कुणाला जुना खोकला आहे का हो?"

इतका वेळ सगळा दवाखाना खोकत होता. काकांची दशा बघून हळहळतही होता. काकूंचा प्रश्न आला आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. एका गृहस्थाचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण पठ्ठ्यानं खोकला दाबला तो दाबलाच.

"काकू, काही मदत लागली तर सांगा हं," एवढं बोलून तो बाहेर पळाला.

काका अजून हयात आहेत, तिसऱ्या रुग्णाची जागाही रिकामी आहे. आणि हे वाचताना तुमच्या घशात जे मघापासून खवखवतंय, ते तुम्हीही गुपचूप गिळलंत.