वैजूताईंचा बर्फ

लग्न होऊन कोपरखैरण्याला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. माझ्या नणंदबाई गॅसपुढे एका पायावर उभ्या होत्या. दुसरा पाय मागे, सरळ, फ्रिजच्या हँडलच्याही वर. अंग आडवं, मान ताठ, आणि एका हाताने चहा ढवळणं चालू.

"गुड मॉर्निंग, वहिनी. जरा वाकून या, नाहीतर पाय लागेल."

मी वाकून आत गेले. नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि नणंदेच्या तंगडीखालून गृहप्रवेश. कराडकडच्या माझ्या माणसांना हे सांगायची सोय नव्हती. फोनवर आईने विचारलं, "नणंद कशी आहे गं?" मी म्हटलं, "उंच आहे."

वैजूताई फिगर स्केटिंग करतात. म्हणजे पायात पात्यांचे बूट घालून बर्फावर, गाण्याच्या तालावर उड्या आणि गिरक्या. तेही हौस म्हणून नाही, स्पर्धेत. आता कोपरखैरण्यात बर्फ मिळतो दोन ठिकाणी: उसाच्या रसवाल्याकडे आणि मासळीबाजारात. त्यामुळे ताई एका ओळीत चाकं असलेले बूट घालून पहाटे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करायच्या. महिन्यातून एखाद्या वेळी मॉलमधल्या चिमुकल्या बर्फावर. बेलापूरला एका वकिलांच्या ऑफिसात त्या टायपिंग करतात. तिथली रजा साठवून साठवून वर्षातून एकदा उत्तरेकडच्या मोठ्या, बर्फाच्या रिंकवर जायच्या. राष्ट्रीय स्पर्धेत एकदा तिसऱ्या आल्या होत्या. "तीनच जणी होतो," हे त्या स्वतःच आधी सांगून टाकतात, म्हणजे दुसऱ्या कुणी विचारायला नको.

त्यांचं एक पालुपद होतं: "जज बघतायत." रिक्षातून उतरताना, लग्नात अक्षता टाकताना, भाजीवालीशी भांडतानासुद्धा. कुठेतरी समोर पाच-सहा माणसं टेबल मांडून बसलीयत आणि गुण देतायत, अशा थाटात त्या जगायच्या. आम्हालाही गुण मिळायचे. मी पहिल्यांदा पोहे केले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घास खाल्ला आणि म्हणाल्या, "उडी छान. लँडिंग गडबडलं." लिंबू राहिलं होतं.

ताईंना बघायला एकदा पनवेलचे पाहुणे आले होते, ही आमच्या घरातली जुनी हकिकत. मुलाच्या आईने विचारलं, "छंद काय?" ताईंनी खरं ते सांगितलं. "बर्फावर? अन् कपडे?" त्या बाईंनी विचारलं. ताईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. मुलाकडच्यांनी चहा तसाच ठेवला.

ते कपडे हे आमच्या घरचं मोठं दुखणं होतं. निळा, गुडघ्याच्या बराच वर थांबणारा, टिकल्याच टिकल्या लावलेला झगा. ताई तो हाताने धुऊन गॅलरीत वाळत घालायच्या, आणि माझे सासरे, अण्णा, मुकाट्याने त्यावर आपलं धोतर पसरायचे. ऊन धोतराला लागायचं, झगा दोन दिवस ओला. खालून जाणाऱ्या बायकांना मात्र सगळं ठाऊक होतं. लिफ्टमध्ये एकीने मला विचारलं, "तुमच्या नणंदबाई सर्कशीत असतात ना?" मी सहा मजले चपलेकडे बघत उभी राहिले.

अण्णा साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर पाठीवर पोती वाहिली. बोलणं कमी, टोपी कायम. एक गोष्ट मला लवकरच जाणवली. टीव्हीवर कुणी घसरून पडलं की सगळं घर हसायचं आणि अण्णा उठून आत जायचे. आणि ताई स्पर्धेला निघाल्या की घरातलं कुणीही "आम्ही येऊ का?" असं विचारायचं नाही. एकदा मी विचारलं, तर ताई बॅगेची चेन लावत म्हणाल्या, "नको हो, फार थंडी असते." अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

मी महेशला, म्हणजे नवऱ्याला, खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने एकदाचं सांगितलं.

ताईंची पहिली मोठी स्पर्धा मुंबईतच होती. अण्णा मार्केटमधून थेट तिथे गेले. नवा सदरा, कडक टोपी. शेजारच्या प्रत्येकाला "ती निळी माझी" म्हणून सांगत होते. ताई बर्फावर आल्या, गाणं लागलं, पहिली उडी झाली आणि दुसरीला त्या पडल्या. अशा जोरात की क्षणभर उठल्याच नाहीत. तो क्षण अण्णांना सहन झाला नाही. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी कठड्यावरून पाय टाकला. पायात चपला. "वैजे, हलू नगंस, आलो!" असं ओरडत ते धावले, आणि दोन पावलांत आडवे झाले. नुसते पडले नाहीत, घसरत गेले. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे, आणि अण्णा पोटावर थेट जजच्या टेबलापर्यंत. गाणं चालूच. सगळं सभागृह हसून हसून लोळलं. शेवटी वैजूताईंनीच त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि कडेला आणलं. त्या दिवशी ताई स्पर्धेतून बाद झाल्या.

हे सांगताना महेशलाही आधी हसू फुटलं. मग त्याने तोंडावरून हात फिरवला. "घरी आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, 'माझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं.' त्यानंतर ते गेले नाहीत, आणि तिनेही बोलावलं नाही."

म्हणजे बापाची लाज वाटते हिला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वर्षभर माझा ताईंवर बारीकसा राग होता. गुण देणाऱ्या बाईला मीही गुण देत होते.

मग यंदा ताईंच्या गुडघ्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, बस झालं आता. छत्तिसाव्या वर्षी शेवटची स्पर्धा, आणि ती योगायोगाने इकडेच, मॉलमधल्या रिंकवर. आदल्या संध्याकाळी मी मटार सोलत होते. ताई समोर येऊन बसल्या. चक्क दोन्ही पाय जमिनीवर.

"वहिनी, एक काम होतं. उद्या अण्णांना आणाल?"

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मला नाही जमायचं." त्यांनी एक शेंग घेतली आणि उगाच चुरडत बसल्या. "महेशने तुम्हाला सांगितलंय ना ते? त्याला अर्धंच माहितीय. आम्हाला शिकवतात, वहिनी, पडलं की हसायचं. लगेच. प्रेक्षकांकडे बघून. इतकं अंगात मुरतं ना, की कळतच नाही. त्या दिवशी अण्णा पडले आणि लोक हसले, तेव्हा मीपण हसले. लोकांकडे बघून, हात पसरून. माझा बाप बर्फावर पालथा पडलाय आणि मी पोज देतेय. मग भानावर आले आणि धावले. पण त्यांनी बघितलं असणार. ह्या तोंडाने कसं बोलवू मी त्यांना?"

मी मटार सोलत राहिले. वर्षभराचा माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. ताईंच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत झाली नाही.

अण्णांना तयार करता करता जेवणाची वेळ टळून गेली. "म्या न्हाई येत. पुन्यांदा काय चूक झाली म्हंजे?" शेवटी मी म्हटलं, "अण्णा, मी तुमच्या शेजारी बसते. उठलात तर सदरा धरीन." तेव्हा कुठे ते कबूल झाले.

आम्ही सगळ्यात मागे बसलो. ताई आल्या. आधी पाहिलं ते सगळं विसरायला लावतील अशा त्या बर्फावर दिसत होत्या. तंगडी वर करणारी बाई ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. दोन उड्या नीट झाल्या. तिसरीला गुडघा दगा देऊन गेला आणि त्या कुशीवर आपटल्या. धप्प आवाज आमच्यापर्यंत आला. अण्णांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. सदरा धरायची वेळ आली नाही. ते जागेवरून हलले नाहीत. ताई उठल्या. हसल्या नाहीत. हात पसरले नाहीत. मान खाली घालून त्यांनी उरलेलं पूर्ण केलं.

मी अण्णांना घेऊन खाली गेले. ताई कठड्याच्या अलीकडच्या बाकावर बसल्या होत्या, गुडघा धरून. अण्णांना बघून उभं राहायला गेल्या, तर त्यांनी खांद्याला धरून खाली बसवलं.

"लागलं?"

"लागलं," ताई म्हणाल्या. मग एका दमात, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही पडलात तेव्हा मी हसले होते."

"कंदी?"

"तुम्ही पडलात तेव्हा. सगळ्यांच्या समोर. तुम्ही बघितलंत."

अण्णांनी टोपी मागे सारून आठवून पाहिलं. "मला काय दिसतंय गं? चष्मा पडल्याला. मी आपला तुला चाचपत हुतो."

वर फळ्यावर गुण लागले. कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं. दोघांनीही मान वर केली नाही. अण्णा खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. पोत्यांचे हूक धरून वाकडी झालेली बोटं, नाड्या काही लवकर सुटेनात. बूट निघाला, मोजा निघाला. आत पाय होता, गाठी आलेला, नखं काळी पडलेली. आम्ही कुणीच तो कधी नीट पाहिला नव्हता.

अण्णांनी तो पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही तळव्यांत झाकला.

"किती गार पडलाय गं," ते म्हणाले, आणि चोळत बसले.