बारदाना वजा

"चला, तिसरीपासून पुन्हा सुरुवात करू या," टॅबमधली बाई गोड आवाजात म्हणाली. पडद्यावर ईश्वरीच्या नावापुढचा पाचचा आकडा गेला आणि तिथे तीन आला. ईश्वरीची आई सरिता शेजारीच चहा पीत बसली होती. तिने कप खाली ठेवला.

"बाबा, सोमवारी दोघीले वर्ध्याले घेऊन जाते मी. होस्टेल पाहून आली," ती सासऱ्यांना म्हणाली.

सासरे म्हणजे आमचे शेजारी सुखदेवभाऊ. त्यांनी सुनेकडे पाहिलंच नाही. टॅबकडे पाहून म्हणाले, "मॅडम, तुमचं चुकून राह्यलं."

हा माणूस असाच आहे. एकतीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर होते. मालाचं वजन करायचं आणि त्यातून पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं वजन वजा करायचं. नोकरी सुटली, वजा करणं सुटलं नाही. आरोग्य शिबिरात माझं वजन झालं, तर त्यातून त्यांनी लुगडं आणि बांगड्या वजा केल्या. मी दोन किलोंनी उतरले, माझी काही तक्रार नाही. बँकेत दोन तास उभी होते असं सांगितलं, तर म्हणाले, "मधात च्या प्यायले गेलत्या ना? तो वजा करा." धाकटी नात सई जन्मली तेव्हा नर्सने वजन सांगितलं. आजोबांचा पहिला प्रश्न, "दुपट्ट्यासकट का बिगर दुपट्ट्याचं?"

आता मुली त्यांच्याजवळ कशा, ते सांगते. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे गिरडला जावं लागतं आणि बस तिच्या मनाला येईल तेव्हा येते. मुलगा गुजरातेत कंपनीत. सून सावंगीला नर्स, आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. सुखदेवभाऊ म्हणाले, ईश्वरीला मी घरीच शिकवतो. सई आठ वर्षांची, तिला गावात शाळा होती, पण बहीण घरी असताना मी काऊन जाऊ म्हणून ती दाराला धरून बसली. मग दोघी घरी. मुलाने गणिताचा तो कार्यक्रम टॅबमध्ये घालून दिला. सुनेची अट एकच होती: उन्हाळ्यापर्यंत ईश्वरीचं पाचवीचं गणित त्यात पूर्ण व्हावं. नाही झालं तर होस्टेल.

रेंज फक्त माझ्या ओसरीवर येते, म्हणून शाळा माझ्याकडे. सुखदेवभाऊ आंघोळ करून, पांढरा सदरा आणि टोपी घालून यायचे.

"ते काऊन?" मी विचारलं.

"मॅडम पाह्यते ना."

"भाऊ, ते मशीन आहे. तिले दिसत नाई."

"तुमाले काय मालूम, वयनी?"

मला खरंच मालूम नव्हतं. मी चौथी शिकलेली. दुसऱ्या दिवसापासून मीही अंगण झाडून ठेवू लागले.

पहिले काही महिने बरे गेले. मग वजनाचे धडे आले. पेटीचं वजन दहा किलो, चार पेट्यांत आंबे किती? सुखदेवभाऊंनी पेटी वजा केली, पेटीतलं गवत वजा केलं. तेलाच्या डब्यातून डबा गेला. मॅडम प्रत्येक वेळी म्हणायची, "अरेरे, उत्तर चुकलं." सुखदेवभाऊ मुलींना समजावायचे, "नवीन बाई हाय. शिकन हळूहळू."

चुकलेलं प्रत्येक उत्तर मॅडम ईश्वरीच्या नावावर मोजते आहे, हे त्यांना कळलं नव्हतं. मलाही नाही. कळलं ते त्या रविवारी, सुनेच्या समोर पाचाचे तीन झाले तेव्हा.

सरिताने टॅब मांडीवर घेतला आणि शेवटचा प्रश्न मोठ्याने वाचला. तुरीच्या एका पोत्याचं वजन चाळीस किलो, तर सहा पोत्यांत तूर किती? ईश्वरीने लिहिलं होतं दोनशे चौतीस.

"सहा चोक चोवीस. दोनशे चाळीस होते, ईशू. लिही."

"सहा पोत्यांचे सहा किलो वजा," ईश्वरी म्हणाली.

"ते कोणी विचारलं का तुले?"

"तूर विचारली, मम्मी. पोतं नाई विचारलं."

पोरगी लिहीना. सई बहिणीला चिकटून बसली. सरिता थकलेली होती, रात्रपाळी करून आली होती. तिने आवाज चढवला नाही. नुसती म्हणाली, "बाबा, असं शिकवलं तुमी हिले. परीक्षेत कोन देईन हिले मार्क?"

सुखदेवभाऊंचं एक मला ठाऊक आहे. एका व्यापाऱ्याने त्यांना पोत्यामागे एकाच्या जागी दोन किलो वजा करायला सांगितलं होतं. शेतकऱ्याचा माल मारायचा. यांनी एकच केला. त्याबद्दल एक हंगाम घरी बसले, पण काट्यावर नसलेला आकडा कधी चिठ्ठीवर लिहिला नाही.

आणखी एक ठाऊक आहे. आमच्या दोन घरांत एकच भिंत. बायको गेल्यावर त्यांच्याकडे दिवसातून एकदा कुकरची शिटी व्हायची. रात्री तोच भात. मुली आल्या तेव्हापासून दोनदा होते.

त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"ईशू, लिही दोनशे चाळीस."

"आबा, मंग बारदाना?"

"राहू दे."

"पन ते खोटं वजन होते ना."

"होते. माह्या नावावर लिही."

तिने लिहिलं. मॅडम म्हणाली, शाब्बास. सुखदेवभाऊ उठले आणि ओसरीच्या कडेला, टॅबकडे पाठ करून बसले. मुली एकामागून एक गणितं सोडवत होत्या, दर वेळी शाब्बास येत होतं, आणि दर शाब्बासला त्यांची मान जरा खाली जात होती. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो त्यांनी प्यायला नाही.

दुपारपर्यंत तिनाचे चार झाले. सरिताने टॅब ईश्वरीच्या हातात दिला, चप्पल घातली.

"उन्हाळ्यापर्यंत पाह्यतो म्हटलं होतं ना. पाहू," ती म्हणाली, आणि सोमवारच्या ड्युटीला एकटीच गेली.

ओसरीवर त्या दिवशी आम्ही एवढेच होतो: सुखदेवभाऊ, वय बहात्तर, जिनिंगचे काटेवाले, त्यांच्या नाती ईश्वरी आणि सई, सून सरिता, आणि मी, शेजारीण कांताबाई.