नळी सोडायची नाही

स्प्रिंगची एअर रायफल सुरक्षितपणे कशी भरावी, हे आमच्या घरात फक्त मला येतं. आई त्या वस्तूकडे बघतसुद्धा नाही, आणि दादा टोस्टरचं बटणही हात लांब करून, तोंड फिरवून दाबतो. त्या रविवारी सकाळी साडेदहापर्यंत ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत होते. आता कोणी विचारलं तरच सांगते.

कोणी विचारत नाही.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या वस्तूंची वाटणी आमच्याकडे भांडणाशिवाय झाली, कारण त्या कोणालाच नको होत्या. तीन चष्मे, दोन मफलर, सात टॉर्च. सातही चालू, कारण दर महिन्याच्या एक तारखेला तपासलेले. अडलं ते रायफलपाशी. दादाचं म्हणणं, बाबांच्या नेमबाजी क्लबला देऊन टाकू, तिथे तिचा उपयोग होईल. माझं म्हणणं, ती घरी राहावी. उपयोगाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

"तू काय करणार तिचं?" दादाने विचारलं.

"ठेवणार."

"कशाला? लायब्ररीत पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांसाठी?"

मी लायब्ररीत काम करते. दादाला हा विनोद सुचायला दोन दिवस लागले असावेत, म्हणून मी त्याला तो पुरता उपभोगू दिला.

तिसऱ्या दिवशी आईने निकाल दिला. "रविवारी सेक्रेटरी येणारच आहेत ती न्यायला. त्यांच्यासमोर एक छर्रा नियमाने भर आणि नियमाने मार. जमलं तर बंदूक राहील. नाही जमलं तर ते घेऊन जातील, आणि मग या घरात तिचा विषय नको."

सेक्रेटरी म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, बाबांचे तीस वर्षांचे मित्र. त्यांना आम्ही कधी नावाने ओळखलंच नाही.

आता बाबांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. ते तसंही वाटणारच आहे. बाबा लिफ्ट तपासनीस होते. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र लावलेलं असायचं आणि ते स्वतः जिन्याने जायचे. घरात कोणी स्टुलावर चढलं, की दुसऱ्याने ते दोन्ही हातांनी धरायचं, हा त्यांचा कायदा. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं. एका जुन्या सरकारी इमारतीतल्या लिफ्टच्या दाराने ते तसं केलं होतं, आणि आईने त्या लिफ्टला पंचवीस वर्षांत माफ केलेलं नव्हतं.

अशा माणसाने मला अकराव्या वर्षी मागच्या अंगणात रायफल शिकवली. ही रायफल मधोमध बिजागरीवर दुमडते. नळी खाली ओढली की आतली स्प्रिंग दबते आणि खट्ट असा आवाज होतो. मग नळीच्या बिजागरीकडच्या उघड्या तोंडात छर्रा बसवायचा, नळी वर नेऊन बंद करायची, आणि नेम धरायचा. एका वाक्यात संपणारं काम. बाबांनी त्याचे नऊ नियम केले होते. दर रविवारी आधी नियम म्हणायचे, मग छर्रा. मी ते पाढ्यांसारखे म्हणत असे. पाढे विसरले, नियम राहिले.

सेक्रेटरी अकराला येणार होते. साडेदहाला मी रंगीत तालीम करायचं ठरवलं. कुंपणाच्या भिंतीला टेकवून जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेलं खोकं ठेवलं, त्यावर कागदाचं निशाण चिकटवलं. छर्‍यांची पत्र्याची डबी कानाशी हलवून पाहिली. वाजली. ती पायरीवर ठेवली. रायफल खोळीतून काढली. खोळीच्या कप्प्यात बाबांच्या अक्षरातला घडी घातलेला कागद होता.

"नियम आहेत वाटतं," दादा दारातून म्हणाला. "वाचून घे."

"पाठ आहेत."

"तरी."

"दादा, तोंडपाठ आहेत." मी चष्मा नीट केला आणि मोठ्याने सुरू केलं. "बंदुकीचं तोंड नेहमी भिंतीकडे. समोर कोणी नाही याची खात्री. डोळ्यांवर चष्मा. सुरक्षेचा खटका लावलेला. बोट चापाबाहेर. दस्ता मांडीला टेकवून नळी एका दमात पूर्ण खाली. नळी एकदा खाली आली, की छर्रा बसवून ती बंद होईपर्यंत डावा हात सोडायचा नाही, काहीही होवो. रिकामी कधीही उडवायची नाही."

दादा बोटांवर मोजत होता. "आठ झाले."

"मग?"

"बाबा नऊ म्हणायचे."

"सहाव्यात दोन आहेत," मी ठोकून दिलं आणि नळी खाली ओढली.

म्हणजे ओढायला लागले. लायब्ररीत जड ग्रंथ हल्ली कोणी मागत नाही, त्याचा परिणाम दंडांवर होतो. तिसऱ्या प्रयत्नात खट्ट झालं. तो आवाज मी पंधरा वर्षांनी ऐकला. मग म्हटलं, "दादा, डबीतला एक छर्रा दे."

दादाने डबी उघडली. "यात बटणं आहेत."

"कसली बटणं?"

"चार भोकांची. एक कोटाचं आहे."

आम्ही दोघांनी एकदम हाक मारली. आई पदराला हात पुसत मागच्या दारात आली, डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम स्वयंपाकघराकडे वळली.

"आई, छर्रे कुठे आहेत?"

"तुम्हाला आत्ताच हवेत का?"

"मी नळी ओढून उभी आहे."

"हॉलच्या पडद्यात," आई म्हणाली.

हॉलचे नवे पडदे पंख्याने उडतात, नीट पडत नाहीत, ही तिची दोन महिन्यांची तक्रार होती. आम्ही हो हो म्हणून सोडून दिली होती. तिने तोडगा काढला होता. छर्रे शिशाचे, लहान, जड आणि कोणी विचारणारं नसलेले. तिने ते पडद्याच्या खालच्या शिवणीत भरून वरून टीप मारली होती. पडदे तेव्हापासून मिलिटरीत असल्यासारखे उभे होते आणि आम्ही दोघांनी कापडाची तारीफ केली होती.

"उसव मग," दादा म्हणाला.

"खाली बसवत नाही मला. गुडघे. पडदा काढून टेबलावर घ्यावा लागेल."

"मी काढतो."

"तू नको. मागच्या वेळी रॉडसकट प्लास्टर आणलंस. मी चढते. तू स्टूल धर."

दोघं हॉलमध्ये गेले आणि मी नळी धरून तशीच अंगणातल्या पायरीवर बसले. मान वळवली की मला मागच्या दारातून थेट हॉल दिसत होता: स्टुलावर आई, आणि स्टुलाला दोन्ही हातांनी मिठी मारून दादा. खरं सांगायचं तर नळी मला मुळीच ओढत नव्हती. ती निवांत होती. पण काहीही होवो म्हणजे काहीही होवो. बाबा ते दोन शब्द दरवेळी थांबून म्हणायचे. मी डावा हात सोडला नाही. चष्मा नाकावरून घसरला. घसरू दिला. एक मुंगी मनगटावरून कोपरापर्यंत गेली आणि सावकाश परत आली. अंगण तिला आवडलं नसावं.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

"सेक्रेटरी," आई वरून म्हणाली. तिच्या हातात अर्धा पडदा होता. "कोणीतरी उघडा."

"मी स्टूल सोडू?" दादाने विचारलं.

"खबरदार."

"मग ती उघडेल."

"मला नळी सोडता येत नाही," मी ओरडले. "आणि ओढलेली बंदूक घेऊन फिरायचं नाही."

"हा कितवा नियम?"

"हे न सांगता कळायचं असतं."

घंटा पुन्हा वाजली. घरात तीन माणसं, सहा हात, आणि एकही मोकळा नाही. तिघंही एका माणसाचे नियम पाळत होतो, जो असता तर एव्हाना जाऊन दार उघडून आला असता. हे तिघांच्याही लक्षात आलं असावं. कारण एक मिनिट कोणीच कोणाला टोमणा मारला नाही.

तिसऱ्यांदा घंटा वाजली नाही. त्याऐवजी कुंपणाच्या भिंतीमागून, बरोबर माझ्या निशाणाच्या वर, एक पांढऱ्या केसांचं डोकं उगवलं.

"कोणी आहे का घरात?" डोक्याने विचारलं.

पंचवीस वर्षं क्लब चालवलेला माणूस. लोकांना समोर उभं राहू नका म्हणून पाट्या लावणारा.

"काका, खाली व्हा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि डोकं भिंतीआड गेलं. थोड्या वेळाने बाजूचं फाटक उघडलं आणि सेक्रेटरी दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करून, भिंतीला पाठ घासत, माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"किती वेळ अशी आहेस?"

"साडेदहापासून."

त्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं. "का गं?"

"छर्रे पडद्यात आहेत."

हे वाक्य त्यांनी ज्या शांतपणे घेतलं, त्यावरून त्यांनी क्लबमध्ये काय काय पाहिलं असेल याची मला कल्पना आली.

"मग नळी बंद करायची ना, पोरी. खटका लावलेलाच आहे. बंद करायची, तोंड भिंतीकडे ठेवायचं, शेजारी बसून राहायचं. कायमची भरून ठेवू नये, पण छर्रा शोधेपर्यंत काही होत नाही."

बेचाळीस मिनिटं.

"बाबा म्हणायचे, छर्रा बसवून बंद होईपर्यंत सोडायचं नाही. काहीही होवो."

"म्हणणारच. स्वतः सोडली होती ना." ते माझ्याशेजारी पायरीवर टेकले. "नवीन नवीन होता. छर्रा बसवता बसवता डावा हात सोडला आणि चापाला धक्का लागला. नळी फाडकन वर आली आणि अंगठा मध्ये. नख बघितलंय ना तू त्याचं?"

आई पडदा खांद्यावर टाकून दारात आली होती. तिच्यामागे दादा, रिकामं स्टूल हातात घेऊन.

"ते लिफ्टच्या दारात सापडलं होतं," आई म्हणाली.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. मदत कुठूनच येईना.

"वहिनी, तुम्ही बंदूक घराबाहेर काढाल म्हणून तो लिफ्ट म्हणाला. मग लिफ्ट म्हटल्यावर तपासणी आली. तपासणी केली तर काही सापडेना. तरी संशय नको म्हणून त्याने ती तीन महिने बंद ठेवली."

"तीन महिने?" दादा म्हणाला.

"चार मजल्यांचं ऑफिस. लोक जिन्यावर बसून डबे खायचे."

आईने खांद्यावरचा पडदा सावरला. मग म्हणाली, "मी त्या इमारतीत जायचं टाळायचे. कामं असून." आणि तिला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिने ते पडद्यात पुसलं.

मी नळी तरीही सोडली नाही. आईने शिवण उसवली. छर्रे टेबलावर घरंगळले. पडदा एकदा मशीनमध्ये धुतला गेला होता, त्यामुळे त्यांची अवस्था पाहण्यासारखी होती. सेक्रेटरी एकेक तळहातावर फिरवून पाहू लागले. "हा चपटा. याची कड दुमडली. हा बराय... नाही, याच्यात दोरा अडकलाय. वहिनी, हात साबणाने धुवा हं, शिसं आहे." सतरावा छर्रा पास झाला.

मी तो नळीच्या तोंडात बसवला, डोकं पुढे, कड आत, अंगठ्याने हलकेच दाबून. डावा हात नळीवरच. नळी वर नेऊन बंद केली. समोर कोणी नाही याची खात्री केली, दोनदा, कारण अनुभव ताजा होता. खटका काढला. नेम धरला. हात तासाभराचे आखडलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मागे तीन परीक्षक. चाप दाबला.

सेक्रेटरी खोक्यापाशी जाऊन वाकले. बराच वेळ वाकून होते.

"खोक्याला लागला," ते म्हणाले.

"निशाणाला?" दादाने विचारलं.

"खोक्याला लागला," त्यांनी पुन्हा सांगितलं.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. ती पडद्याची घडी घालत होती.

"नियमाने भरली का तिने?"

"वहिनी, इतक्या नियमाने मी आजवर कोणाला भरताना पाहिलेलं नाही. जरा कमी चाललं असतं."

"मग राहू दे," आई म्हणाली. "उरलेले छर्रे मला द्या. पडदा सरळ पडला पाहिजे."

तर रायफल घरी आहे. छर्रे पडद्यात आहेत. मला नेमबाजी करायची झाली तर पडदा काढावा लागतो, त्यासाठी आईला स्टुलावर चढावं लागतं आणि दादाला स्टूल धरावं लागतं. रायफल अजून कपाटातच आहे.

त्या दुपारी ती खोळीत घालताना कप्प्यातला कागद काढला. म्हटलं, तळाला एक नियम वाढवावा: छर्रे कुठे आहेत ते आधी पाहावे. घडी उलगडली. बाबांचं ते सरळ, तपासणीच्या अहवालासारखं अक्षर. नऊच नियम होते. आठव्यातल्या 'काहीही होवो'खाली दोन रेघा होत्या. आणि सगळ्यात वर पहिला:

१. छर्रा आधी हातात घ्यावा. मगच बंदुकीला हात लावावा.

हा मी कधी म्हटलाच नव्हता. मी नेहमी दुसऱ्यापासून सुरू करायचे. दर रविवारी मी नियम म्हणत असताना बाबा शेजारी उभे असायचे, उजवा तळहात पुढे करून, आणि वाकड्या नखाच्या त्या अंगठ्याखाली एकच छर्रा असायचा.

"काय लिहिलंय?" दादाने दारातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले आणि कागदाची घडी घातली. "माझे पाठ होते तेच."