परबकाका हाताला विचारतात

परबकाका पूलच्या टेबलावर शॉट मारत नाहीत, बोलणी करतात. खाली वाकायचं, एक डोळा बारीक करायचा, स्टिक पांढऱ्या बॉलपर्यंत न्यायची आणि त्याला न शिवता मागे आणायची. पुन्हा न्यायची, पुन्हा आणायची. स्थळ घेऊन आलेला मामा दारातूनच परत फिरावा, तसं हे चालू राहतं. आता मारणार, असं वाटून आपण श्वास रोखतो. तेवढ्यात काका सरळ उभे राहतात, कंबर चोळतात आणि म्हणतात, "थांब रे. हाताक विचारूक नको?"

मग पहिल्यापासून.

चारकोपची आमची जुनी सोसायटी पाडून टॉवर झाला, तेव्हा बिल्डरने क्लबहाऊस दिलं आणि त्यात हे टेबलही दिलं. मागितलं कुणीच नव्हतं. आम्ही सगळे कॅरमवर वाढलेले. सुरुवातीला बायकांनी त्यावर पापड वाळत घालायला जवळजवळ परवानगी मिळवली होती. पण हळूहळू सगळ्यांना चटक लागली आणि टेबलावरून भांडणं सुरू झाली. मी क्लबहाऊसचा सेक्रेटरी, म्हणजे ती भांडणं फुकटात ऐकणारा माणूस.

काका मूळचे कुडाळकडचे, कचेरीतून निवृत्त झालेले. नलूकाकींना पक्षाघात झाल्यापासून घरचं सगळं तेच बघतात. संध्याकाळी पाच ते सहा आया काकींजवळ बसते, तेवढाच त्यांचा मोकळा वेळ, आणि तो ते टेबलावर घालवतात. आता हा तास त्यांच्याकडून काढून घ्या, अशी मागणी सोसायटीत जोर धरू लागली होती. कारण तासाभरात काकांचा अर्धा डावही होत नसे, आणि वर इतका वेळ घेऊन बॉल बहुतेक वेळा जायचा भलतीकडेच.

बरं, ही रंगीत तालीम फक्त टेबलापुरती नव्हती. आमची बेल दाबण्याआधी त्यांचं बोट हवेत पुढे-मागे होतं. मी आतून दाराच्या डोळ्याला डोळा लावून बघत बसतो. सही करण्याआधी ते कागदाच्या वर, हवेत सही करतात. एकदा मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी पाय पुढे-मागे करत त्यांनी मागे एवढी रांग लावली, की शेवटी वॉचमनने त्यांना हाताला धरून लिफ्टमध्ये बसवलं.

काकांच्या विरोधातला मुख्य आवाज सुहास कांबळेचा. सुहास विमा विकतो. गिऱ्हाईकाला विचार करायला वेळ दिला की गिऱ्हाईक गेलं, हे त्याचं तत्त्व, आणि खेळतोही तसाच. टेबलापाशी यायचं, ठोकायचं, मोकळं व्हायचं.

"काका, हे नुसतं हलवून काय होतं, सांगा ना," एका संध्याकाळी तो वैतागून म्हणाला. "बॉलला काय गुदगुल्या होतात काय?"

"हाताक वाट दाखवची लागता," काका म्हणाले.

"मग आज न दाखवता मारा. एकच शॉट. बघू काय फरक पडतो ते!"

सगळ्यांनी आग्रह केला. काका नाइलाजाने वाकले आणि एकही झोका न देता त्यांनी स्टिक हाणली. बॉल सरळ जाऊन पॉकेटमध्ये पडला. क्लबहाऊसमध्ये एकच गलका झाला. सुहासने तर काकांना मिठीच मारली. "झकास! वाट लागली ना तुमच्या थिअरीची!"

काकांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. "गेलो तो गेलो," ते पुटपुटले. "पण हात काय शिकलो?"

यावर सगळे इतके हसले, की मलाही हसू आवरलं नाही. त्याच आठवड्यात कमिटीने ठरवलं, की स्टिक दोनदा हलवायची आणि मारायचं. नाही जमलं तर टेबल दुसऱ्याला द्यायचं. काकांना हे सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. वाईटपणा घ्यायला सेक्रेटरी, दुसरं काय!

रविवारी दुपारी मी वर गेलो. दार उघडंच होतं. काकी खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याखाली टॉवेल. समोर स्टुलावर काका, मांडीवर पेजेची वाटी. त्यांच्या उजव्या हातातला चमचा थरथरत होता. त्यांचा हात कापतो, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्टिक धरलेला माणूस वाकलेला असतो, आणि आपण बघत असतो बॉलकडे.

चमचा रिकामा होता. तो काकींच्या ओठांपर्यंत गेला आणि मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. थरथर कमी होत गेली. काकींच्या तोंडाची एकच बाजू हलते. त्या बाजूने त्या जडपणे म्हणाल्या, "मार... की... आता."

काकांनी चमचा भरला आणि अलगद आत नेला. एक थेंब सांडला नाही. काकींनी घोट गिळला, तेव्हा काकांचा चेहरा असा उजळला, की तसा तो टेबलावर मी कधीच पाहिला नव्हता.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ये रे, बस. हिका आया भरवता तर ही तोंड उघडणा नाय. माझ्याच हातान होया. पयल्या दिवशी हात हललो आणि हिका असो ठसको लागलो, माझो जीवच गेलो. मगे खाली टेबलार येवक लागलंय. थंय चुकलंय तर बॉल थंयच रवता. हंय चुकान कसा चालात?"

इतकी माया मी फार थोड्या घरांत पाहिली आहे. आणि आम्ही या माणसाला झोके मोजून देणार होतो!

"तुझा काय काम होता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. उद्या पाच ते सहा टेबल तुमचंच आहे, तेवढं सांगायला आलो."

"रोजच तर असता!" काका चकित होऊन म्हणाले. "ह्या सांगूक रविवारची झोप मोडून इलंस?"

काकींना हसू आलं आणि पेज हनुवटीवर ओघळली. काकांनी टॉवेलचं टोक उचललं आणि एकदाही न थांबता ती टिपून घेतली.