नमद्याच्या सपाता घालून एर्लेनश्टाइन सर केला, त्याची हकीकत

श्रोते सज्जन हो, अंमळ पुढे सरका. दाराशी गारठा आहे, आणि हकीकत आहे ती हळू आवाजात सांगण्याजोगी. ऑस्ट्रिया मुलखी, डॅन्यूब नदीच्या उत्तरेस, जंगलपट्टीत, खसखशीच्या शेतांमध्ये मौजे लिंडेनश्लाग म्हणून गाव. तेथील चर्चच्या गायनमंडळीने एके दिवशी तीन गडांवर चाल केली, पैकी दोन सहज पदरात पडले आणि तिसऱ्यास शर्थ जाहली, ते कैसे, हे सांगतो. ऐकिल्याने पुण्य लागेल ऐसे नाही. परंतु हसता हसता डोळा ओला जाहलाच, तर तितके देवाचे देणे समजावे.

प्रथम कारण. एर्लेनश्टाइन गड थोर, आत नाचघर, त्याची लाकडी फरशी ऐसी की तीत आपले तोंड पाहून भांग पाडावा. तो गड व्हिएन्नाच्या कोणा धनिकाने खरीदला आणि उदईक कुंपण पडणार, रयतेस मज्जाव होणार, आज सायंकाळच्या घंटेपर्यंत काय ते दार खुले, ऐसी खबर आली. मग गावात बहुत खळबळ जाहली. जन्मभर ज्यांनी गडाकडे पाठ करून बटाटे काढिले, त्यांस गडाचा उमाळा आला.

परंतु एक बाई त्या मंडळींत ऐसी, की जीस उमाळा नव्हता, निकड होती. नाव वाल्पुर्गाबाई श्रेंक, गाण्यात खालच्या पट्टीची, वयाने पिकलेली, गुडघ्यांनी अधू, जिभेने साजूक. यजमान एंगेलबर्ट श्रेंक, गावच्या बँडाचे बँडमास्तर, गेल्या उपवासाच्या महिन्यात देवाघरी गेले. सुगी सरली की गडावर दरसाल नाच होई, तेथे वाजविणार एंगेलबर्टच. आणि बँडमास्तराने नाचू नये, हा कोठे न लिहिलेला कायदा. सबब तमाम पंचक्रोशी त्या फरशीवर गरगरे आणि बँडमास्तरीणबाई भिंतीकडील बाकावर पाय हलवीत बसे. ते म्हणत, "बुर्गी, पुढल्या वर्षी बदली माणूस बघतो. मग आपण दोघं." पुढले वर्ष दरसाल येई, बदली माणूस काही आला नाही. म्हणोन बाईने मनोमन पण केला की आज त्या फरशीवर एक फेरा घ्यावा, एकटीने का होईना. ही मसलत तिने कोणास सांगितली नाही. देवास मात्र सांगितली.

लष्कराचे नेतृत्व होफराट वाइसनबेक यांजकडे. होफराट म्हणजे दरबारी सल्लागार. दरबार बुडाला त्यास शंभरावर वर्षे लोटली, परंतु किताब त्या मुलखी दरबाराहून चिवट. हुद्दा नवऱ्याचा असला तरी मान बायकोसही असतो आणि नवरा गेला तरी तिजकडून तो कोणी काढून घेत नाही. होफराटांची ती होफराटीणबाई, दंतवैद्याची ती डॉक्टरीणबाई. नुसते आडनाव घेऊन हाक मारणे म्हणजे उघड्या डोक्यावर गार पाणी ओतणे. हे नीट ध्यानी धरावे, कारण पुढील सर्व रण यावरूनच माजले.

धुके विरले आणि मग लष्कराने बसमधून कूच केले. पहिला गड पडका, भिंतीस भिंत नाही, तो बुरुजावर पाव, चरबी आणि कच्चा कांदा खाऊन घेतला. दुसऱ्यात लोखंडी चिलखते उभी होती. तेथे एक छत्री गमावली, परंतु शत्रूने सामना दिला नाही. दोन्ही वेळा वाल्पुर्गाबाई सर्वांआधी बसमध्ये जाऊन बसली. होफराटसाहेबांनी तीस पुसले, "काय हो बाई, गड आवडेनात का?" ती बोलली, "आवडले की. पण ते काही कुठे पळत नाहीत."

मग दुपारच्या बाराची घंटा जाहली. त्या मुलखी बाराच्या घंटेस नांगर थांबतो, कचेरी थांबते, भांडणही अर्ध्यावर थांबते. लष्कर खानावळीत उतरले आणि सूप आले, मग तळ्यातला तळलेला मासा आला, मग बटाट्याची कोशिंबीर आली, आणि खसखशीचा गोड रोल यावयाचा होता तो भट्टीतच होता. वाल्पुर्गाबाईने अर्ज केला की रोल बांधून घ्यावा आणि निघावे. त्यावर हुकूम जाहला की गोडावाचून लष्कर हलणार नाही, आजवर हलले नाही. बाई खिडकीतून उन्हाकडे पाहत राहिली. रोल आला, कॉफी आली, आणि मग कोणा एकास दुसऱ्या कॉफीची बुद्धी जाहली.

ऐसा विलंब होऊन लष्कर एर्लेनश्टाइनचे पायथ्याशी पोहोचले, तो सावल्या लांबल्या होत्या. गडाची किल्ली वेशीजवळच्या घरी, कुनिगुंडाबाई हाइडफोग्ल यांजकडे. यांचे यजमान हयातभर गडाचे कारभारी. ते वारले, तेव्हापासून बाईच दार उघडी, दार लावी. होफराटसाहेब पुढे जाहले. पोट भरलेले, डोळे जड, आणि मुखातून जे निघाले ते असे:

"अहो हाइडफोग्लबाई! किल्ली आणा जरा, उशीर झालाय."

कवाड उघडले होते ते जागीच थबकले. आतून उत्तर आले, "इथं नुसती हाइडफोग्लबाई कुणी राहत नाही. पत्ता चुकला तुमचा." आणि कवाड मिटले, अडसर पडला, तो सर्व फौजेने ऐकिला.

मग वेशीवर खलबत बसले. होफराटसाहेबांचे म्हणणे ऐसे की कारभारी वारला, गड विकला, मग कारभारीण कोठे उरली? यावर होफराटीणबाईंनी भर सभेत जाब पुसला, "आणि बादशहा जाऊन शंभर वर्षं झाली. तुमचं होफराट कुठे उरलंय मग? त्या दिवशी पाववाल्याने नुसतं वाइसनबेक म्हटलं, तर आठवडाभर शिळा पाव खाल्लात तुम्ही, त्याच्या दुकानात पाऊल टाकेनात!"

मग वकिली जाहली. उरलेला रोल नजराणा म्हणोन हाती धरून, टोपी काढून, साहेब कवाडापुढे उभे ठाकले आणि मोठ्याने म्हणाले, "परमपूज्य गडकारभारीणबाईसाहेब!"

वरली खिडकी उघडली. "आता आठवलं होय? गरज लागली तेव्हा?" खिडकी मिटली. पुन्हा उघडली. "आणि खसखशीचा रोल मी स्वतः करते. तो दुकानातला न्या परत." ऐसा पराभव त्या घराण्याने पूर्वी पाहिला नव्हता. बसचा सारथी फेर्डल म्हणाला, "साहेब, निघूया. परत जाताना ताकही पिऊ," आणि अर्धे लष्कर त्या विचाराकडे झुकले.

वाल्पुर्गाबाई घरास वळसा घालून परसात गेली. तेथे कुनिगुंडाबाई लाकडे रचीत होती, रागाने, म्हणोन फार नीट. वाल्पुर्गाबाईने एक ओंडका उचलून तिजकडे दिला आणि म्हणाली, "देव बरं करो, कारभारीणबाई."

"तुम्हालाही. पण किल्ली मागायला आला असाल तर सांगून ठेवते..."

"मागायलाच आलेय. खोटं कशाला बोलू? लिंडेनश्लागची बँडमास्तरीण मी."

कुनिगुंडाबाईचा हात थांबला. "एंगेलबर्टची? बरे आहेत ना?"

"गेले. गुड फ्रायडेच्या आधी."

दोघींनी छातीवर क्रूस काढिला. कोंबडी एक पायांतून गेली. मग कुनिगुंडाबाई बोलू लागली, "दर साली पहिलं गाणं धरायच्या आधी तो माझ्याकडे बघायचा. 'कारभारीणबाई, सुरू करू?' एवढे उमराव यायचे, मंत्री यायचे, माझी परवानगी कोण मागतंय? तो मागायचा." मग ओंडक्याची साल खरवडीत म्हणाली, "उद्या नवा मालक स्वतःचा माणूस आणतोय. ते पोरगं मला कुनी म्हणतं. कुनी! मी काय शेळी आहे?"

"मला तर काहीच म्हणत नाहीत हो," वाल्पुर्गाबाई म्हणाली. "नवा बँडमास्तर आलाय, त्याची बायको आहे. दुकानात माझा नंबर आला की पोरगी गप्प उभी राहते. काय म्हणावं कळत नाही तिला. मग मीच म्हणते, दे बाई पाव किलो लोणी."

कुनिगुंडाबाई हसली आणि नाक पुसले, दोन्ही ओच्याच्या एकाच टोकाने. मग पुसले, "तुम्हाला नक्की हवंय काय आत?"

"एक फेरा. त्याने मला कधी नाचवलं नाही तिथं. वाजवतच राहिला."

त्यावर कुनिगुंडाबाईने ओंडका खाली ठेविला. ओच्यातून किल्ली काढिली, ती मनगटाएवढी, आणि वेशीवर येऊन फर्मान सोडले: बुटांवरून सपाता चढविल्यावाचून नाचघरात कोणी पाऊल घालणार नाही, होफराट असो वा पोप.

सपाता म्हणजे नमद्याच्या, घोंगडीसारख्या, टोपलीत रचलेल्या. गडाच्या फरशीस चरा पडू नये म्हणोन तो बंदोबस्त. लष्कराने त्या चढविल्या आणि मग सर्व फौज फरशीवर उतरली ती चालत नव्हती, घसरत होती. होफराटसाहेब आघाडीस होते. त्यांनी झुंबराकडे बोट करून इतिहास सांगावयास तोंड उघडिले, आणि उजवा पाय एका सरदारासारखा पूर्वेस गेला, आणि डावा फितूर होऊन पश्चिमेस, आणि साहेब रणी पडले. होफराटीणबाई म्हणाल्या, "राहा तसेच. बरी पुसून निघतेय फरशी."

वाल्पुर्गाबाई भिंतीकडील बाकापाशी गेली. बाक तोच होता. त्यावर ती बसली नाही. वाजंत्र्यांचा चौथरा रिकामा होता, तिकडे तिने अंमळ पाहिले, आणि मग किल्ली धरून दाराशी उभ्या कुनिगुंडाबाईकडे वळून, सर्व सभेस ऐकू जाईल ऐसे, यजमानांच्या शब्दांत पुसले:

"कारभारीणबाई, सुरू करू?"

कुनिगुंडाबाईने किल्ली छातीशी धरिली. मग ती ताठ जाहली, जैसी कोणे काळी उमरावांपुढे होत असेल, आणि म्हणाली, "करा, बँडमास्तरीणबाई." आणि किल्ली खिशात टाकून, सपाता घसटीत, स्वतः पुढे येऊन हात दिधला.

बँड नव्हता. तो चर्चच्या मंडळींनी सूर धरिला, भजनाचा गळा, त्यात नाचाची चाल, आणि होफराटसाहेब फरशीवर बसल्या जागेवरून गाल फुगवून मोठ्या पितळी भोंग्याचा ठेका देऊ लागले, तो उत्तम दिला, आणि त्यांच्या हयातीत त्यांस पहिल्यानेच कोणी किताबावाचून "वा!" म्हटले, ते त्यांस गोड लागले. दोन म्हाताऱ्या फिरू लागल्या. गुडघे अधू होते, परंतु नमदा लोण्यासारखा सरकत होता आणि पाय उचलावा लागत नव्हता. एक फेरा जाहला आणि मग दुसरा आपणच जाहला. वाल्पुर्गाबाईने डोळे मिटले होते. दर फेऱ्यास चौथऱ्यासमोरून जाताना मात्र उघडी, आणि मान किंचित लववी.

इतक्यात सायंकाळची घंटा जाहली.

येणेप्रमाणे एर्लेनश्टाइन सर जाहला. जखमी एक, होफराट वाइसनबेक, बैठकीच्या जागी. लूट काही नाही. सपाता टोपलीत मोजून परत केल्या. तह ऐसा ठरला की कुनिगुंडाबाईने दर रविवारी लिंडेनश्लागास गाण्यास यावे, तेथे तीस कारभारीणबाई म्हटले जाईल. उदईक कुंपण पडले ते पडलेच. परंतु आदले दिवशी जो फेरा जाहला, त्यास कुंपण घालणारा धनिक अद्याप जन्मला नाही.

आता श्रोते हो, उठण्यापूर्वी एक मागणे. कीर्तनात बुवा सर्वांच्या ध्यानी राहतात, मागे उभा राहून जो मृदंग सांभाळतो तो कोणाच्या ध्यानी राहत नाही. दुसऱ्यांनी नाचावे म्हणोन ज्याने जन्मभर स्वतःचे पाय जागच्या जागी रोविले, त्या एंगेलबर्ट श्रेंक बँडमास्तराचे नाव आज दिवा मालवण्याआधी एकदा घ्या. किताबासकट घ्या.