दिगसकरकाकांची जोडमूळ संख्या

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेल्या माणसाला दिगसकरकाका आडनाव विचारत नाहीत, मोबाइल नंबर विचारतात. आम्ही आलो तेव्हा माझाही विचारला. मला वाटलं, सोसायटीच्या ग्रुपवर घ्यायचं असेल. तासाभरानं काका दारात हजर, चेहरा पडलेला.

"तेरान भाग जाता गो!"

आता याला मी काय करू? पण माझ्या तोंडून चक्क "सॉरी" निघून गेलं! नवऱ्याचा नंबर बघून तर त्यांनी हातच टेकले. दोननं, तीननं, सातनं, कशानंही भाग जातो म्हणे. "माणूस बरो आसा," असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नवरा दोन दिवस फुगून बसला होता.

एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही ती मूळ संख्या. आपण सहावीत शिकलो आणि विसरलो. काका तिथं अडकले ते अडकलेच. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगायच्या आधी तोसुद्धा तपासतात. "वाईच थांब रे, एकोणीस बघूचो ऱ्हवलो!" तो बिचारा पार्सल घेऊन ताटकळत उभा.

रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःचा आठ आकडी लँडलाइन नंबर भागायला घेतला. कॅल्क्युलेटर नाही हं, हातानं! गणपती गेले, दिवाळी गेली, काकी वैतागून मालवणला माहेरी जाऊन आल्या. आणि एका सकाळी जिन्यात आरोळी: "भाग जाणा नाय!" अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. वर, त्यात दोन मिळवून येणारी संख्याही मूळच निघाली. अशा जोडीला जोडमूळ म्हणतात. काकांनी लगेच तो नंबर फिरवला.

"अभिनंदन!"

"ओटीपी सांगणार नाही!" म्हणत पलीकडच्या गृहस्थांनी फोन आपटला.

काका कसले सोडतात! महिन्याभरात दोघांची गट्टी जमली. मग रोज संध्याकाळी फोन, आणि काकांचं हसणं एवढं मोठं की आमचा टीव्ही ऐकू येईना. काकी गेल्या, तेव्हाही तेवढा एक फोन चुकला नाही.

मागच्या महिन्यात काकांनी नंबर लावला, तर रेकॉर्डवरची बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. काका तिच्याशीच भांडायला लागले.

"अस्तित्वात नाय? गो बाये, मूळ संख्या ती! ती खंय जातली?"

माझी हसून मुरकुंडी वळली. मग म्हटलं, "काका, एवढं काय, घरीच जाऊन बघू या ना. नाव काय त्यांचं? राहतात कुठे?"

काकांनी रिसीव्हर खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

"मी तेंका जोडीदार म्हणंय," ते हळूच म्हणाले.

परवा त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. म्हणाला, "बाबा, लँडलाइन बंद करून टाकू. कोण वापरतं आता?"

काकांनी फोन उचलून मांडीवर घेतला.

"नको रे," ते म्हणाले. "माका तेंचो नंबर लागणा नाय. पण तेंच्याकडे माझो आसा."